उतारावरची घंटी

धम्मानंदच्या कार्डाला मार्तंडरावांनी उत्तर दिलं नव्हतं. ऐन उन्हाळ्यात आलेलं ते पोस्टकार्ड दिवाळी तोंडावर आली तरी त्यांच्या वाचायच्या पुस्तकात खुणेला होतं. पुस्तक संपलं की ते दुसऱ्या पुस्तकात जायचं. पुस्तकं बदलत गेली, खूण तीच राहिली.

मजकूर त्यांना पाठ झाला होता. धम्मानंद बोलतो तसाच लिहितो.

"सप्रेम जय भीम. माही तब्येत आता ठीक आहे. पायल म्हणते, तू मनाले लय लावून घेतलं. त्याच्यात तुहा काय दोष गा? कान काय कोणी हातानं बंद करते? सदरमधी चांगले डॉक्टर आहेत, दाखवून घे. मी सायकलीले नवी घंटी लावली, मोठी. वाजवली का गल्लीतले सारे कुत्रे उठतात. आता तुले ऐकू येईनच. केव्हा निघायचं ते कळव. तुहाच धम्मानंद."

कार्ड आलं तेव्हा ते दारात प्रेमलताबाईंच्या हाती पडलं होतं. कार्डच ते, उघडायची गरज नाही. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, नवऱ्यापुढे धरलं आणि विचारलं, "तुमचे कान केव्हापासून गेले हो?"

मार्तंडरावांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"मी स्वयंपाकघरात चिवड्याचा डबा उघडला, तर तुम्हाला बाहेरच्या खोलीत ऐकू येते. आणि धम्मानंदभाऊ काय लिहून राहिले हे?"

वर्तमानपत्र हललं नाही. प्रेमलताबाई कार्ड टेबलावर ठेवून आत गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. तो काढला असता तर बरं झालं असतं, असं मार्तंडरावांना पुढे कितीदा तरी वाटलं.

मार्तंडराव पांढरीपांडे नागपूरच्या सदर भागातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते आणि धम्मानंद गजभिये तिथून जवळच्याच टपाल कार्यालयात होते. धम्मानंद पुस्तक बदलायला यायचे आणि बदललेलं पुस्तक तिथेच उभ्यानं वाचत राहायचे. अशी ती ओळख. निवृत्तीनंतर धम्मानंद खाप्याला लेकीकडे, पायलकडे, राहायला गेले. फोन त्यांच्याकडे होता, पण जन्मभर टपाल हाताळलेल्या माणसाला फोनवर मन मोकळं करता येत नसे. रविवारी मार्तंडराव पहाटे सदरहून सायकल काढत, धम्मानंद खाप्याहून निघत, आणि दोघं सावनेरला बसस्टँडसमोर चहाला भेटत. चहा झाला की कधी कन्हानच्या काठापर्यंत, कधी दुसरीकडे, बरोबरीनं जायचं.

सावनेरच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक फार. त्यांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, आणि खरं सांगायचं तर मार्तंडरावांना रस्त्यावर मोठ्यानं हाक मारायची लाजच वाटायची. चार माणसं वळून पाहतील याचीच त्यांना भीती. म्हणून त्यांनीच तोड काढली होती. घंटी लागोपाठ तीनदा वाजवली की पुढच्यानं थांबायचं, मागच्याला काही अडचण आहे. धम्मानंद तेव्हा पोट धरून हसले होते. "वा गा ग्रंथपाल! तोंड असून टपाल घंटीनं पाठवते!" पण नियम त्यांनी पाळला. पंक्चर असो, चेन उतरलेली असो, की नुसतं पळसाचं झाड फुललेलं दाखवायचं असो, तीनदा घंटी वाजली आणि पुढचा थांबला नाही असं कधी झालं नव्हतं.

ते झालं कोकणात.

नागपूरच्या एका सायकल मंडळानं मार्चमध्ये किनाऱ्यानं सफर काढली. म्होरक्या विक्रम म्हणून एक चाळिशीचा गडी होता, बँकेतला. मंडळी बरीचशी तरुण. म्हातारे दोघंच, हे. मार्तंडराव नाहीच म्हणत होते. मी मागे पडेन, सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागेल, असं त्यांचं रडगाणं. धम्मानंदनीच त्यांना ओढून नेलं. "समुद्र पुस्तकात किती पाहशीन गा? चाल. मागं राहिला तर मी आहो मागं."

सायकली रेल्वेच्या सामानडब्यातून रत्नागिरीला पोचल्या. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीहून दक्षिणेला, पूर्णगड, जैतापूर करत विजयदुर्गाच्या बाजूला जायचं होतं. सकाळी निघताना विक्रमनं मोबाइलवर तापमान पाहिलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"तेहतीस! हे काय ऊन आहे का बाप्पा? आपल्याकडं तेहतीसमध्ये लोक स्वेटर घालतात."

सगळे हसले. नागपूरच्या माणसाला दुसरं काही नसेल, पण उन्हाचा अभिमान असतोच. त्यातून मार्तंडराव तर उन्हावर वाचून आलेले. त्यांनी आदल्या रात्रीच सगळ्यांना बजावलं होतं की डोकं उघडं ठेवायचं नाही; जाड सुती दुपट्टा ओला करून डोक्याला, कानाला, मानेला घट्ट गुंडाळायचा, आणि खिशात कांदा ठेवायचा. तरुणांनी 'हो काका' म्हटलं आणि टोप्या घातल्या. धम्मानंदनी मात्र मित्राचा शब्द पाळला. नळाखाली दुपट्टा भिजवला, पिळला आणि डोळे तेवढे उघडे ठेवून गुंडाळला. खिशात कांदाही टाकला.

नागपूरला मे महिन्यात ओला दुपट्टा बांधून निघालं की वारा लागून तो भराभर वाळतो आणि वाळता वाळता डोकं गार करतो. अर्ध्या रस्त्यात पुन्हा भिजवावा लागतो. इथे समुद्राच्या काठी हवेलाच इतका ओलावा की दुपट्टा वाळायचं नाव घेईना. सकाळी पिळला तसाच दुपारपर्यंत ओला. त्याच्या आत डोकं नुसतं वाफेवर शिजत होतं. घाम वाहत होता पण उडत नव्हता. नागपूरच्या उन्हात घाम दिसतच नाही. इथे तो कोपरावरून टपटप गळत होता आणि अंगाची लाही कमी होत नव्हती.

रस्ताही तसाच. खाडी आली की खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि लगेच वर चढायचं. वर गेलं की सडा. मैलभर उघडा जांभा दगड, काळवंडलेला, तापलेला, औषधाला झाड नाही. समुद्र कडेला दिसायचा, चकाकायचा, पण त्याचा गारवा काही वर पोचत नव्हता.

अशाच एका सड्यावर धम्मानंद म्हणाले, "मार्तंड, हा दुपट्टा काढू का गा? डोकं उकडून राहिलं."

"काढू नको. ऊन लागेल," मार्तंडराव म्हणाले.

"लागून राहिलंच आहे ना."

"थोडा धीर धर. वाळला की गार वाटेल."

धम्मानंदनी मान हलवली आणि दुपट्टा तसाच राहू दिला. मार्तंडराव पुस्तकं वाचतात, त्यांना माहीत असणार, असा त्यांचा साधा हिशेब.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडत होती, आणि मार्तंडरावांना तीच पुढे सगळ्यात जास्त टोचली. त्यांचे पाय चालत होते. एरवी कायम मागे असणारा हा काटकुळा माणूस त्या दिवशी कसा कोण जाणे, पुढच्या घोळक्यात होता. त्यांच्या दुपट्ट्याची गाठ सैल होऊन तो खांद्यावर आला होता आणि आपण बांधलेला नाही हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. अबोली नावाची एक मुलगी शेजारून जाताना म्हणाली, "काका, तुम्ही तर आज एकदम फॉर्मात!" एवढ्या साध्या वाक्यानं त्यांना गुदगुल्या झाल्या. शाळेत धावण्याच्या शर्यतीत ते कधी शेवटून दुसरेही आले नव्हते. त्यांनी पेडलवर जरा अधिकच जोर दिला. धम्मानंद मागे पडले.

सडा संपला आणि लांब उतार लागला. खाली खाडी, नारळाची झाडं, पूल, सगळं चित्रासारखं दिसत होतं. सायकल आपोआप पळू लागली आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंडावर गार वारा आला. शर्ट फुगला. मार्तंडरावांच्या तोंडून चक्क हुंकार निघाला.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. लागोपाठ तीनदा.

ती त्यांना ऐकू आली. वाऱ्यात आली, तरी स्वच्छ ऐकू आली. बोटं ब्रेकवर होतीच. नुसती आवळायची होती. पण त्यांच्या मनात आलं, आता थांबलो तर हा उतार मोडेल. परत वर चढावं लागेल. ही मंडळी पुढे निघून जातील. त्याची चेन उतरली असेल. खाली जाऊन थांबू, येईलच तो. इतकं सगळं मनात यायला उताराचे दोन-चार वळसेही लागले नाहीत.

घंटी पुन्हा वाजली. तीनदा. या वेळी मधे मधे अडखळत.

मार्तंडरावांनी बोटं ब्रेकवरून काढून घेतली.

त्यानंतर घंटी वाजली नाही.

खाली पुलाजवळ एका टपरीच्या सावलीत सगळे थांबले होते. कोकम सरबत चाललं होतं. विक्रमनं विचारलं, "गजभिये काका कुठं राहिले?"

"येतोय मागून," मार्तंडराव म्हणाले आणि पेला तोंडाला लावला. दुसराही पेला घेतला. उताराकडे ते पाहत होते, आणि पाहत नाही असंही दाखवत होते.

बराच वेळ गेला आणि उतारावरून आंब्याच्या पेट्यांची एक पिकअप आली. तिच्या मागच्या भागात पेट्यांच्या मधे धम्मानंद आडवे पडलेले. एका बागेच्या राखणदारानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलेलं, दुपट्टा सोडून बाजूला फेकलेला, अंगावर पाणी ओतलेलं. तोंड तांब्यासारखं लाल, आणि ते पुलालाच काहीतरी समजावून सांगत होते, टपालाच्या पिशव्या कुठल्या गाडीत चढवायच्या ते. सायकल शेजारी पडली होती. खिशातला कांदा लोळत पेट्यांत गेला होता.

जवळच्या गावात दवाखाना होता, सलाइन लागलं, रात्रीपर्यंत ते माणसात आले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांची लेक पायल मिळेल ती गाडी पकडून पोचली. बापाच्या उशाशी बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मार्तंडरावांकडे वळली. आवाजात राग नव्हता. असता तर उत्तर वेगळं आलं असतं कदाचित.

"काका, बाबा म्हणतात त्यांनी घंटी वाजवली, दोनदा वाजवली. तुमाले ऐकू नाही आली का?"

खोलीत विक्रम होता, अबोली होती. मार्तंडरावांचा हात आपोआप कानाकडे गेला.

"हल्ली मला जरा... कमी ऐकू येतं, बेटा."

धम्मानंदनी डोळे उघडले. सलाइन नसलेला हात पुढे केला आणि मित्राचं मनगट धरलं.

"सांगितलं काहून नाही गा आधी? मी एवढ्या दूर नसतो राहिलो तुह्यापासून."

ते मनगट मार्तंडरावांनी सोडवून घेतलं नाही.

परतीच्या गाडीत सगळी मंडळी त्यांच्याशी ओरडून बोलू लागली. "काका, चहाऽऽ!" विक्रम कानापाशी येऊन हात तोंडाशी धरी, आणि डब्यातली अनोळखी माणसं वळून पाहत. जन्मभर ज्या गोष्टीची लाज वाटली ती गावभर त्यांच्या पाठी लागली. नागपुरातही तेच. मंडळातलं कोणी बाजारात भेटलं की लांबूनच बोंब मारायचं. मार्तंडराव "अं?" म्हणायचे. एकदा म्हटलं की पुन्हा म्हणावंच लागतं. मग त्यांनी बाहेर जाणंच कमी केलं. सायकल ओसरीत धूळ खात उभी राहिली. आणि मग ते कार्ड आलं, नव्या घंटीचं.

उत्तर लिहायला ते कितीदा बसले. 'कान दाखवले, आता बरे आहेत' असं लिहिलं तर खोट्यावर खोटं. 'ऐकू आली होती' असं लिहावं तर धम्मानंदच्या घरी आलेलं टपाल आधी पायलच्या हाती पडतं. बापाचा चष्मा कधी सापडत नाही म्हणून तीच मोठ्यानं वाचून दाखवते. तिच्या तोंडून ते वाक्य धम्मानंद ऐकत आहेत, एवढं डोळ्यासमोर आलं की पेनाचं टोपण परत लागायचं. मधे उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. दुसरं कार्ड आलं नाही. सावनेरच्या चहावाल्याकडून कुणीतरी निरोप आणला की गजभियेबाबा रविवारी येतात, एकटेच बसतात, दोन चहा सांगतात आणि एक तसाच ठेवून जातात.

दिवाळीला नात आली, नूपुर, पुण्यात नोकरी करणारी. विक्रम फराळाला येऊन गेला आणि जाताना दारातून ओरडला, "काका, कानाचं बघाऽऽ!" नूपुरनं त्याच संध्याकाळी सदरमधल्या एका कानाच्या दवाखान्यात नंबर लावला.

"आजोबा, उद्या जायचं. मशीन बसवून देतात. कळतही नाही लावलंय ते."

मार्तंडरावांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. प्रेमलताबाई करंज्या डब्यात भरत होत्या.

"जाऊन या," त्या म्हणाल्या. "काय निघते ते निघू द्या एकदाचं."

दवाखान्यात एका काचेच्या लहान खोलीत त्यांना बसवलं. भिंतींना आत मऊ अस्तर, दार लावलं की जगाचा आवाज बंद. कानाला जाड हेडफोन, हातात एक बटण. बाहेर यंत्रापाशी बसलेली मुलगी हेडफोनमधून नीट समजावून सांगत होती. आवाज कितीही बारीक असला तरी आला की बटण दाबायचं. बस.

खोलीत शांतता झाली. स्वतःचं रक्त वाहतं ते ऐकू यावं इतकी. आणि मग लांबून, सुई पडावी तसा एक बारीक स्वर आला.

मार्तंडरावांनी ऐकला. बटण दाबलं नाही.

काय सोपं होतं! थोडे आवाज सोडून दिले की मशीन मिळेल. मशीन कानात घालून सावनेरला जाता येईल. धम्मानंद पाठीवर थाप मारतील. सगळं मिटेल आणि कोणाला काही कळणार नाही.

स्वर पुन्हा आला, जरा मोठा. मग आणखी मोठा. काचेपलीकडे मुलीनं यंत्राची खुंटी फिरवत नूपुरकडे पाहिलं, आणि नूपुरचा चेहरा उतरला. आपल्या आजोबांना एवढंही ऐकू येत नाही म्हणून तिचे डोळे भरून आले होते. स्वर आता घणघणत होता. मार्तंडरावांचं बोट बटणावर होतं. नुसतं आवळायचं होतं. त्यांना तो उतार आठवला, ब्रेकवरून सोडून दिलेली बोटं आठवली, आणि ते मनात म्हणाले, अरे, मी पुन्हा तेच करून राहिलो.

त्यांनी बटण दाबलं. मग पुढचा प्रत्येक आवाज येताच दाबत गेले, अगदी ज्याला आवाज म्हणावं की भास असा बारीकही सोडला नाही.

मुलगी दार उघडून आत आली. "आजोबा, सुरुवातीला तुम्हाला समजलं नाही वाटतं बटणाचं. नंतरचं तर एकदम छान आलंय. या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. सुरुवातीचं परत करू या."

झालं. इथेही एक सबब कोणीतरी हातात आणून दिली. मार्तंडरावांनी ती पाहिली आणि घेतली नाही.

"समजलं होतं," ते म्हणाले. "मी मुद्दाम दाबलं नाही."

बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी नूपुरला सगळं सांगितलं. रस्त्यावर गर्दी होती, त्यामुळे जरा मोठ्यानंच सांगावं लागलं. नूपुरनं मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "धम्मानंद आजोबांना हे माहीत आहे?"

"नाही."

"ते काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही," मार्तंडराव म्हणाले. "तेच तर."

घरी येताना त्यांनी टपाल कार्यालयातून कोरं कार्ड घेतलं. नूपुर म्हणाली, पाकिटातून पाठवा ना, असलं कोणी उघडं लिहितं का? ते म्हणाले, खोटं खोलीभर माणसांसमोर बोललो होतो.

टेबलावर बसले तेव्हा पहिल्यांदा त्यांना फार छान छान वाक्यं सुचली. ती सगळी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून त्यांनी खोडली. मग कार्डावर लिहिलं:

"प्रिय धम्मानंद, सप्रेम जय भीम. त्या दिवशी उतारावर तुझी घंटी मला ऐकू आली. दोन्ही वेळा आली. परत चढायचं जिवावर आलं, आणि त्या दिवशी पुढे असण्याची मला हौस वाटत होती, म्हणून थांबलो नाही. कानाचं मी खोटं सांगितलं. कान तपासून आलो, ते चांगले आहेत. दुपट्टा काढू नको म्हणालो ते माझं चुकलं. तुला नवी घंटी लावायची गरज नव्हती. पायल हे तुला वाचून दाखवील. तिलाही हे माझ्याकडून कळायला हवं. या रविवारी मी सावनेरला चहापाशी येऊन थांबेन. तू आला नाहीस तर मी समजेन. मार्तंड."

प्रेमलताबाईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. परत देताना म्हणाल्या, "अक्षर बरं आलं." आणि सायकल पुसायला फडकं आणून दिलं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत जाता आलं असतं. मार्तंडराव सायकलवर गेले. चाकांत हवा कमी होती, चेन कुरकुरत होती. पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात जरा अडला. पलीकडच्या दुकानातून कोणीतरी, बहुतेक मंडळातलंच, ओरडलं, "काकाऽऽ, बरे आहात काऽऽ?"

"ओरडू नको गा," मार्तंडराव वळून मोठ्यानं म्हणाले. चार माणसांनी पाहिलं. "ऐकू येते मला."

आणि कार्ड सोडलं. पेटी रिकामी असावी. पत्र्याच्या तळाला ते टेकल्याचा बारीकसा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.